चावलेल्या खांबाचा प्रसाद

एकदा एक वस्ताद होता, त्याचा एक चेला होता, आणि दोघांच्या मधे एक घोडी होती. घोडी देवाची होती. तिथंच सगळा घोळ झाला. टांगेवाल्याची असती तर त्यानं तिला वेळेवर चारा घातला असता, कारण सकाळी तिला जुंपायचं असतं. देवाच्या घोडीला सगळं गाव हात जोडतं, आणि जोडलेल्या हातात चारा धरता येत नाही.

हसू नका. हे मी रागानं सांगतोय.

वस्ताद म्हातारा झाला होता. जन्मभर त्यानं घोडी शिकवली आणि जन्मभर खोड्या केल्या. एका वरातीत त्यानं नवरदेवाला घोडीवर उलट्या तोंडानं बसवलं आणि सांगितलं, "आमच्याकडं अशीच रीत हाय." सासऱ्यानं नवरदेवाला तसंच ओवाळलं. वस्ताद नंतर म्हणायचा, "एकानंबी विचारलं न्हाई की बाबा, का? रीत म्हणलं की लोक डोळं मिटत्यात."

त्याचा चेला केरबा. आता त्याच्याही दाढीत पांढरे केस आलेले. घोडी फिरवायची, धुवायची, तिचे खूर बघायचे, हे सगळं तो वस्तादाकडं शिकला आणि मग डोंगरापलीकडच्या गावात भैरोबाच्या घोडीच्या सेवेला लागला. माणूस भाबडा, पण मनापासून करणारा.

घोडीचं नाव मैना. पंचकल्याणी, म्हणजे चारी पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा. तिच्या पाठीवर कुणी बसायचं नाही. वर्षातून एकदा, चैत्राच्या जत्रेत, तिनं पालखीच्या पुढं डोंगर चढायचा. बाकी वर्षभर देवळाशेजारच्या पागेत उभं राहायचं. पागेत दुसरं जनावर नको, का तर विटाळ. पुढच्या पायांना दोरी, मागच्या पायांना दोरी, का तर देवाची घोडी शेणात लोळलेली चालत नाही. आणि शनिवारची सांज झाली की चारा बंद. रविवार भैरोबाचा वार, म्हणून तिलाही कडक उपास. दुपारची आरती झाली की मग गावभरच्या भक्तीचा हरभरा आणि गूळ, एक घमेलं भरून, एकदम तिच्यापुढं.

केरबाही तिच्यासोबत उपास धरायचा. तिच्यावरची माया त्याला तशीच दाखवता यायची.

आता खरी गंमत ऐका. रविवारी मैनेला देवळापुढं आणली की ती डोलायची. पायावर उभ्या उभ्या डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं. दात करकरा खायची. पागेत असली की समोरचा लाकडी खांब दातात धरून घुटके घेतल्यासारखी हवा गिळायची. झूल घालून पोटाखालचा तंग आवळला की चावायला धावायची. आणि गाव म्हणायचं, भैरोबाचं वारं आलं.

तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. त्यांनी तिच्याकडून कौल घ्यायला सुरुवात केली. प्रश्न विचारायचा आणि घोडीची मान बघायची. उजवीकडं थांबली तर होय, डावीकडं थांबली तर नाही. विहीर कुठं खणायची, बैल घ्यायचा का, भावाशी बोलायचं का, सगळं घोडीच्या मानेवर. गावच्या गणबा शिंप्यानं आपल्या अंजिराची सोयरीकसुद्धा तशीच ठरवली. पोरगी मागं उभी होती. बापानं घोडीला विचारलं, घोडीची मान उजवीकडं गेली, आणि पेढे वाटले.

या सगळ्याचा मान दौलतरावांचा. दौलतराव म्हणजे देवाचे मानकरी. कौल त्यांनी वाचायचा, पहिला नारळ त्यांचा, पंगतीत पहिलं पान त्यांचं. मिशीला पीळ असा की त्याला कंदील टांगावा.

त्या वर्षी माघ सरता सरता मैनेनं हरभरा टाकला. घमेल्यात तोंड घालायची आणि बाजूला व्हायची. बरगड्या मोजता येऊ लागल्या, अंगावरची चमक गेली. सारखी वळून स्वतःच्या पोटाकडं बघायची. केरबा घाबरून दौलतरावांकडं गेला. ते म्हणाले, "देव जास्त जागा झालाय. जत्रेआधी आठवडाभर उपास धर तिला. यंदाचा कौल जबर हुईल."

"ती डोंगर चढंल का पर?"

"ती चढतीया व्हय? देव चढतोय."

केरबाला आधीची घोडी आठवली. तीही अशीच वाळत गेली होती. एका सकाळी पागेत आडवी सापडली, तेव्हा देवानं बोलावून घेतली म्हणून गावानं तिला हळदकुंकू लावून पुरली होती. केरबानंच खड्डा खणला होता. तो उठला आणि डोंगर ओलांडून वस्तादाकडं गेला.

वस्ताद आला. आल्या आल्या त्यानं पागेच्या दारात दोन्ही हात जोडले आणि घोडीऐवजी केरबाला नमस्कार केला.

"हे काय वस्ताद?"

"तुझ्या अंगात कुठला देव आलाय ते बघत होतो. शिकवलेलं समदं इसरायला लावणारा."

मग तो मैनेजवळ गेला. तिच्या कुशीला कान लावला, हिरड्या बघितल्या, तंग बसतो तिथं बोट टेकवलं. घोडी थरथरली आणि तिनं कान मागं टाकले. वस्तादानं हात काढून घेतला आणि खांबाकडं बघितलं. कडुनिंबाचा जुना खांब, मैनेच्या तोंडाच्या उंचीला कुरतडून कुरतडून मनगटाएवढा झालेला. म्हाताऱ्याचं तोंड बदललं. खोडकर डोळ्यांतलं हसू पार गेलं.

"गवताचा भारा आण," तो म्हणला.

"उद्या रविवार हाय, वस्ताद. आज सांजंपास्नं..."

"आण म्हणतो ना. उपास मोडल्याचं पाप माझ्या नावावर लाव. माझ्या नावावर आधीच लई हाय, गर्दीत दिसायचं न्हाई."

गवत आलं. मैना हुंगत राहिली, मग हळूहळू खाऊ लागली. तिचं खाणं सुरू झाल्यावर वस्तादानं पहार मागितली. दुसरा खांब रोवून घेतला आणि तो चावलेला खांब उपटून खांद्यावर टाकून चालू लागला.

"खांब कशाला?"

"उद्याची पंगत माझी. सैपाकाला लागतोय."

केरबाला वाटलं, जळणाला.

रविवारी आरती झाली. पंगत बसली. पहिल्या पानावर दौलतराव, शेजारी गुरव, मग गणबा शिंपी आणि बाकीचे. भात आला, आमटी आली, लापशी आली. वस्ताद स्वतः ताट घेऊन आला. ताटावर कोरं फडकं झाकलेलं.

"कुणी सुरू करू नका," तो म्हणला. "आधी देवाचा प्रसाद. खुद्द देव रोज खातो त्यातला काढून आणलाय."

प्रत्येकाच्या पानावर त्यानं चिमूटभर वाढलं. सगळ्यांनी कपाळाला लावून तोंडात टाकलं. गुरवानं दोन वेळा चावलं आणि म्हणला, "कडू हाय. औषधी असंल." गणबानं आणखी थोडं मागितलं. तोंडात टाकलेलं काय आहे हे पंगतीतल्या एकानंही विचारलं नाही. शेवटी दौलतरावांच्या दाढेत कुसळ गेलं. त्यांनी बोटानं काढून उजेडात धरलं.

"हे लाकूड हाय."

"कडुनिंबाचं," वस्ताद म्हणला. "जुनं हाय, मुरलेलं."

"म्हाताऱ्या, चेष्टा करायला देऊळच घावलं तुला?"

"चेष्टा कुठली? घोडीत देव हाय म्हणता ना? मग देव काय खातो ते बघा की. उरलेला खांब मागं चुलीपाशी पडलाय, जाऊन बघा, त्याच्या दातांच्या खुणा हायत. देवाला लाकूड आणि तुमास्नी लापशी, हे बरं न्हाई दिसत. म्हणून म्हणलं, एक दिवस तरी देवाबरूबर जेवा."

दौलतराव उठायला लागले तसं वस्तादानं ताट खाली आपटलं. म्हातारा ओरडत नव्हता, पण त्याचा आवाज पंगतीच्या टोकापर्यंत जात होता.

"बसा. पानावरनं उठू नका, अन्नाचा मान ठेवा. माणसाच्या पोटात आंबट पाणी सुटतं ते जेवायच्या वक्ताला. घोड्याच्या पोटात ते सारखं झिरपत असतं, खाल्लं तरी आणि न्हाई खाल्लं तरी. म्हणून देवानं त्याला दिवसभर चरायला लावलं. थोडं थोडं, चालत चालत. चारा पोटात असला की ते पाणी चाऱ्यात मुरतं. चघळलं की लाळ सुटते, लाळ खाली जाऊन आग विझवती. तुम्ही चारा काढला. आग पोट जाळाय लागली. आतून फोड आलेत तिला, जखमा झाल्यात. लाळ सुटावी म्हणून ती बिचारी खांब चावती, आणि तुम्ही हात जोडता. वरनं रिकाम्या जखमी पोटात घमेलंभर हरभरा वतता. बांधून ठेवलीय, सोबतीला शेळी सुदिक न्हाई, मग डोलंल न्हाई तर काय करंल? कोंडलेलं माणूस खोलीत येरझाऱ्या घालतं, तिचे चारी पाय बांधल्यात म्हणून ती जाग्यावर घालती. ती 'दुखतंय' म्हणती, आणि तुम्ही तिला बैल घेऊ का म्हणून विचारता. आणि ह्या समद्याला देवाचं नाव. एवढा मोठा आळ देवावर घ्यायला तुमास्नी काहीच वाटत न्हाई?"

दौलतरावांनी मिशीला पीळ भरला. "आणि आजवर कौल खरं ठरलं ते?"

"जे खरं ठरलं ते ध्यानात ठेवलंत. जे फुकट गेलं ते घोडीनं ध्यानात ठेवलं, बरगड्यांवर."

"वारं न्हाई म्हणतोस?"

"जत्रेपातूर माझ्या हातात द्या. पोटभर चारा घालतो, मोकळी सोडतो, औषध करतो. जत्रेला डोलली तर देव. मग तिच्या जागी मला दोन दोऱ्यांत बांधा आणि माझ्याकडनं कौल घ्या. मी डोलतो बी झकास."

कोणीतरी हसलं. दौलतराव हसले नाहीत. ते केरबाकडं वळले. "घोडी तुझ्या ताब्यात हाय. तिच्या पायातली दोरी देवाच्या नावानं बांधलीय. सोडलीस तर सेवा गेली तुझी, आणि गावाचं काही वाईट झालं तर ते तुझ्या माथ्यावर."

केरबा उभाच राहिला. त्यानं वस्तादाकडं बघितलं. वाटलं, हा काहीतरी सांगेल. वस्ताद भाताचं ढेकूळ फोडत बसला. मग केरबा पागेत मैनेकडं गेला आणि तिच्या पायाशी बसला. गाठ जुनी होती, सुटेना. त्यानं दातानं ओढली. आधी मागची सोडली, मग पुढची. मैना तिथंच उभी राहिली. पाय सुटलेत हे तिला कळायला बराच वेळ लागला.

पुढचं काम जिकिरीचं होतं. एका रात्रीत बरी झाली असं सांगणारा कुणी भेटला तर त्याला माझ्याकडं पाठवा, त्याच्यासाठी थोडा खांब राखून ठेवलाय.

तालुक्याहून जनावरांचा डॉक्टर आला. नळी घालून पोट बघायची सोय त्याच्याकडं नव्हती, पण लक्षणं बघून तो तेच म्हणला. सकाळी चाऱ्याआधी तोंडात सोडायचं औषध दिलं आणि मधेच बंद करू नका म्हणून बजावलं. वस्तादानं जुनं मासे धरायचं जाळं आणलं, त्यात सुकं गवत भरून टांगलं. बारीक भोकांतून ओढून ओढून खावं लागायचं, म्हणून दिवसभर पुरायचं. लसूणघास घातला. हरभऱ्याचं घमेलं बंद करून मूठभर, तोही गवत खाऊन झाल्यावर. शेजारी एक काळी शेळी बांधली. गुरव विटाळाचं काही बोलायला आला, तर शेळीनं त्याच्या धोतराचा सोगाच चघळायला घेतला. सकाळसंध्याकाळ मैनेला माळावर सोडायची, पण आधी पोटात दोन मुठी चारा. "रिकाम्या पोटानं हलली की आतलं पाणी डुचमळून जखमंला लागतं," वस्ताद सांगायचा.

डोलणं कमी झालं. खांब मात्र ती अधनंमधनं चावायचीच. केरबा कातड्याचा पट्टा घेऊन आला. गळ्याला आवळून बांधला की हवा गिळता येत नाही, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. वस्तादानं त्याच्या हातावर फटका मारला.

"रडणाऱ्याच्या तोंडात बोळा कोंबतोस? सवय हाय ती. दुखणं गेलं तरी सवय मागं राहती. चावू दे तिला."

"वस्ताद, म्या बी तिच्यासंगं उपाशी ऱ्हायलो. दर रविवारी."

"तुझा उपास तू ठरवलास, केरबा. तिला कुणी विचारलं?"

केरबानं पट्टा खाली ठेवला.

जत्रा आली. डोंगराच्या पायथ्याशी पालखी सजली. दौलतराव फेटा बांधून उभे, पण कुणाकडं बघत नव्हते. आरतीच्या आधी, सगळ्या गावासमोर, वस्तादानं गवताची पेंढी मैनेपुढं टाकली. गर्दीत कुजबुज झाली. मैना खात राहिली. तंग आवळला तर तिनं फक्त कान हलवला. मग ढोल वाजला आणि ती पालखीच्या पुढं चढू लागली. केरबानं लगाम सैल धरला होता. आधीच्या वर्षी ती प्रत्येक वळणावर थांबून घामाघूम झाली होती. या वर्षी वरच्या पायऱ्यांवर केरबालाच धाप लागली आणि घोडी त्याच्यासाठी थांबली.

वर देवळापुढं ती उभी राहिली. लोक जमले. सगळ्यांचे डोळे तिच्या मानेवर. गणबा शिंपी पुढं आला. लग्नाची तिथी तोंडावर आली होती, शेवटचा कौल त्याला घ्यायचा होता. मागं त्याची बायको, तिच्याही मागं अंजिरा.

"देवा," गणबानं हात जोडले, "पोरीची सोयरीक धरली ती पक्की करू का?"

मैना हलली नाही. मान उजवीकडं नाही, डावीकडं नाही. तिनं मागचा एक पाय सैल सोडून खुराच्या टोकावर टेकवला, खालचा ओठ लोंबू दिला, डोळे अर्धे मिटले. पोट भरलेलं जनावर उन्हात जसं उभं राहतं, तशी उभी राहिली.

गणबानं पुन्हा विचारलं. घोडीनं फुरफुर केलं आणि झोपेत गेली.

"गेला," दौलतराव हळू आवाजात म्हणाले. "देव गेला गावातनं."

गणबा गोंधळून वस्तादाकडं वळला. "आता म्या कुणाला विचारू?"

"पोरगी कुठं हाय?" वस्ताद म्हणला.

"ही काय. मागं."

"तिला विचारलंस?"

गणबानं मागं वळून बघितलं. त्याची बायको पुढं झाली. पदर तोंडाशी धरून म्हणली, "सोयरीक झाल्यापास्नं पोरगी धड जेवत न्हाई. पोटात आग पडती म्हणती. आम्ही म्हणलं, लाजती."

ढोलवाल्यानं काठी खाली ठेवली. अंजिरा जमिनीकडं बघत होती आणि बोटानं पदराचा काठ पिळत होती, इकडून तिकडं, तिकडून इकडं. गणबानं ते हात बघितले. मग घोडीकडं बघितलं. मग तो देवळाच्या पायरीवर बसला आणि पोरीला म्हणला, "ये. हितं बस. काय ते सांग."

दौलतरावांनी हातातला नारळ बराच वेळ तसाच धरला. शेवटी तो त्यांनी देवापुढं ठेवला, कौल न वाचता, आणि मागं सरकून मैनेला जागा करून दिली.

केरबा देवासमोर हात जोडून उभा होता. पुरलेली घोडी त्याच्या डोळ्यांपुढं होती की समोर उभी असलेली, ते त्यालाच माहीत. थोड्या वेळानं त्यानं हात सोडले, पेंढीतलं उरलेलं गवत उचललं आणि मैनेच्या तोंडापाशी धरलं. ती झोपेतच खाऊ लागली. वस्ताद तिच्या पोटाला कान लावून उभा होता. आत गवत गुरगुरत होतं. म्हातारा एकटाच हसत होता.

आता उठा आणि घरी जा. तुमच्या घरात कोण डोलतंय, कोण खांब चावतंय, ते आधी नीट बघा. हात नंतर जोडा.